तारा उलटला

एका मंगळवारी सकाळी, डोक्यावरून आंघोळ करून, दोन वेण्या घालून, मी एका जर्सी बैलाची होऊ घातलेली सगळी वासरं मारली. बैल बिचारा लांब कुठल्याशा सरकारी गोठ्यात वैरण चघळत होता, त्याला याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता. मला कळलं ते बुधवारी, आणि कबूल केलं ते गुरुवारी. मधला एक दिवस मी गप्प बसून पाहिलं. त्या एका दिवसाची लाज मला बैलापेक्षा जास्त वाटते, म्हणून आधी तीच सांगून टाकली.

संपादकांनी ‘खगोल संशोधनातल्या वाटचालीबद्दल काहीतरी प्रेरणादायी’ मागितलं आहे. वाटचाल म्हणाल तर ती जव्हारच्या एस.टी. स्टँडपासून जामसरच्या वाटेवरच्या एका माळापर्यंत, तीही बहुतेक पायी. प्रेरणा कुणाला झालीच तर ती ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावी.

ऐंशी सालानंतरची तीन-चार वर्षं असतील. मी चोवीस वर्षांची, बी.एस्सी. फर्स्ट क्लास, अलिबागेकडची. घरची आगरी बोली ट्रंकेच्या तळाला घालून वर पुणेरी मराठीची इस्त्री केलेली घडी ठेवली होती. एका संशोधन संस्थेने त्या माळावर पत्र्याची शेड उभारली होती. आत पंगतीच्या परातीएवढ्या आरशाची दुर्बीण. शेडीचं छप्पर रुळांवर होतं, ते आम्ही हातांनी ढकलून बाजूला सारायचो. इथली हवा असल्या कामाला चालते का हे तीन वर्षं बघायचं, मग काय ते ठरवायचं, असा सगळा तात्पुरता मामला. गावात आम्हाला ‘तारवाले’ म्हणत. पुष्कळांची समजूत आम्ही तार खात्याचे आहोत अशी होती आणि कुणाकुणाने मनीऑर्डर कधी येणार म्हणून विचारूनही पाहिलं. माझं पद ‘निरीक्षण सहायक’. घरी पत्रात मी ‘संशोधन करते’ असं लिहीत असे. खरं तर मी नायट्रोजन ओतत असे.

तो कशाला, ते सांगते. आमची दुर्बीण उजेड बघायची नाही, ऊब बघायची. पुस्तकी भाषेत अवरक्त किरण. आता जे यंत्र दुसऱ्याची ऊब मोजणार ते स्वतः गार हवं. जिच्या स्वतःच्या अंगात ताप आहे तिने पोराच्या कपाळाला हात लावून काय कळणार? म्हणून यंत्राच्या पोटात थर्माससारखं एक धातूचं भांडं होतं आणि त्यात द्रवरूप नायट्रोजन भरावा लागे. त्याच्यापुढे बर्फ म्हणजे ऊन पाणी. तो आम्हाला मिळे ढोरांच्या दवाखान्यातून. त्या काळात संकरित गाईंचं वारं आलं होतं. जातिवंत बैलांचं वीर्य बारीक कांड्यांत गोठवून तालुक्या-तालुक्याला पाठवत, आणि त्या कांड्या नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवाव्या लागत. दर आठवड्याला जीप भरलेलं भांडं टाकून जाई. उरलासुरला नायट्रोजन मंगळवारी आम्हाला द्यायचा, असं दवाखान्याच्या डॉक्टरांनी उदारपणे ठरवलं होतं.

दवाखान्यात दोन भांडी होती, अगदी जुळी. एकात नुसता नायट्रोजन, दुसऱ्यात कांड्या. नुसत्याच्या गळ्याला लाल चिंधी बांधलेली असे. त्या मंगळवारी देणारा मदतनीस बाहेर गेला होता. वाट बघणं माझ्या शिक्षणाला शोभलं नसतं. समोरचं भांडं उचललं, उपडं केलं, शेवटच्या थेंबापर्यंत ओतून घेतलं. आत डब्यांमध्ये बारीक नळ्या दिसल्या. मला वाटलं थर्मामीटर असावेत. फर्स्ट क्लास म्हणतात तो हा.

बुधवारी भांडं कोरडं सापडलं आणि मदतनिसावर आळ आला. तो रोजंदारीवरचा, घरी पाच तोंडं. गुरुवारी मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी रजिस्टर पुढे केलं आणि मी त्यात लिहिलं, ‘भांडे माझ्या चुकीने रिकामे झाले’, खाली सही केली. अक्षर सुंदर आलं होतं. तेव्हापासून जव्हारच्या बाजारात मी ‘बैलवाली बाई’. भाजी घ्यायला गेले की वांगी निवडता निवडता बायका एकमेकींना कोपराने ढोसत.

यानंतर तीन आठवड्यांनी, मेच्या मध्यावर, भर दुपारी शेडीबाहेर गाय हंबरली. बाहेर एक बाई उभी होती. काळी, काटक, कासोट्याचं लुगडं, हातात दावं. पोशेऱ्याची चांगुणामावशी. त्याच मंगळवारी दुपारी ही पहाटेपासून चालत गाय घेऊन दवाखान्यात आली होती आणि भांडं कोरडं आहे हे कुणाच्या ध्यानात यायच्या आत तिच्या गाईला माझ्या कृपेने मेलेली कांडी मिळाली होती. गाय धरली नाही, एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली. ढोरवाले याला ‘गाय उलटली’ म्हणतात. उलटली म्हणजे फुकट गेलं, पुन्हा पहिल्यापासून. आज ती परत तेवढंच चालून आली होती, गाईला नवी कांडी देऊन झाली होती, आणि जाता जाता आपलं नुकसान करणारी बाई कशी दिसते ते बघायला वाट वाकडी करून इथवर आली होती.

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “येवढीशी तं हायस,” ती म्हणाली. “भांडं उचललंस कसं?”

मी पाच फुटांतही दोन बोटं कमी. मी काहीतरी क्षमा मागू लागले, पुणेरीत. ती मध्येच म्हणाली, “ते ऱ्हाऊं दे. तुला ते पायजे कशाला होतं?”

मी सांगितलं, ताऱ्यांसाठी. तिला ते पटेना, तेव्हा गाईला पाणी पाजता पाजता मी तिला आमचा धंदा समजावला. तुम्हालाही तोच सांगते, कारण त्यापेक्षा सोपा मला पुढे कधी जमला नाही.

तारे म्हातारे होतात. म्हातारपणी ते फुगतात, लाल होतात आणि धापा टाकायला लागतात. एकेक धाप कधी वर्षाची, कधी कमी-जास्त. श्वास घेताना उजळतात, सोडताना मंदावतात, आणि प्रत्येक श्वासाबरोबर अंगाची थोडी धूळ बाहेर फेकतात. ती धूळ साचत साचत ताऱ्यालाच झाकून टाकते. साध्या दुर्बिणीला तो दिसेनासा होतो. पण रानात कोळशाची भट्टी लावतात ती आठवा. वरून सगळी माती, आग कुठेच दिसत नाही, तरी दहा हातांवरून तळवा पुढे केला की आत काय चाललंय ते कळतं. आमची दुर्बीण म्हणजे तो तळवा.

चांगुणामावशीने भट्ट्या लावल्या होत्या, तिला पटलं. तिने विचारलं, परत उजळायला किती दिवस लागतात. मी म्हटलं, एकेकाचं वेगळं, काहींना तर नऊ महिने.

“मंग गाईचंच हाय की सगलं,” ती म्हणाली. “दिस भरले का येते.”

त्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून मी दावं हातात घेऊन तिच्याबरोबर निम्म्या वाटेपर्यंत गेले. गाईने माझ्या पायावर पाय दिला. हिशेब बरोबर होता.

त्याच आठवड्यात मी यादीतला सत्तेचाळिसावा तारा पहिल्यांदा मोजला. धनू राशीत, जिथे आपल्या आकाशगंगेचा मध्य आहे त्या बाजूला, जरासा खाली. यादीत त्याचा श्वास नऊ महिन्यांचा लिहिलेला होता. परदेशातल्या कुणी जुन्या फोटोंवरून काढलेला. आता या म्हाताऱ्यांची एक सोय आहे. जितका श्वास लांब तितका तारा खरोखर तेजस्वी. म्हणजे श्वास मोजला की त्याचं खरं तेज कळतं, आणि ते इथून किती फिकं दिसतं यावरून तो किती लांब आहे ते काढता येतं. मोठ्या ढोलाचा आवाज बारीक आला तर ढोल लहान नसतो, तो दोन डोंगरांपलीकडच्या पाड्यावर वाजत असतो. सत्तेचाळीस फारच बारीक वाजत होता. हिशेब केला तर तो आकाशगंगेच्या मध्यापेक्षाही तिप्पट लांब निघाला. तिथे त्या काळच्या कुठल्याच नकाशात काही नव्हतं.

मी आकडा घेऊन आमच्या सरांकडे गेले. त्यांच्याविषयी दोन शब्द. सर वाईट नव्हते. वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. आवाज कधी चढवायचे नाहीत, रुमालाची घडी मोडायचे नाहीत, आणि मला पोरगी न समजता ‘म्हात्रेबाई’ म्हणायचे. त्यांनी आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, भांडं गळत असेल. भांडं गळलं की यंत्र कोमट होतं आणि तारा फिका दिसतो.

शंका रास्त होती. भांड्याचा गळा खरंच एकदा चिरला होता, आणि तो जव्हारच्या रशीदचाचांनी डाग देऊन सांधला होता. चाचांचं तांब्या-पितळेचं, कल्हईचं दुकान. मुंबईला पाठवून महिना घालवण्यापेक्षा मी ते भांडं त्यांच्याकडे नेलं होतं आणि त्यांनी चांदी घालून असा डाग दिला होता की नखाला लागू नये. मी पुन्हा भांडं घेऊन गेले. चाचांनी ते पाण्यात बुडवलं, हवा भरली, बुडबुड्याची वाट बघत आम्ही दोघंही बसलो. बुडबुडा आला नाही. मी सहज म्हटलं की चाचा, सरांना तुमच्या डागाचा संशय आहे.

“बेटी,” चाचा म्हणाले, “आमच्या धंद्यात डाग देतात तो भोक बुजवायला. नावाला लावतात तो डाग वेगळा. गळत असेल तर मी कबूल करीन, सबके सामने. गळत नसेल तर तुझ्या सरांना सांग, माझ्या डागाला नावं ठेवू नको.”

मी आणखी एक केलं. सत्तेचाळीसच्या आधी आणि नंतर एकेक ओळखीचा तारा मोजायचा, ज्याचं तेज सगळ्या जगाला माहीत आहे. ते दोन्ही दर वेळी बिनचूक यायचे आणि मधला फिका. भांडं सुटलं. मग सर म्हणाले, धूळ. पण धुळीतून पार बघता यावं म्हणून तर अवरक्ताचा खटाटोप, इतका फिका पडायला धुळीचा डोंगरच मध्ये यायला हवा होता. धूळही सुटली. मग सर म्हणाले, यादीतला श्वासच चुकीचा असेल. खरा श्वास छोटा असेल तर तारा मुळातच मंद, म्हणजे जवळचा, म्हणजे प्रश्नच नाही. याला उत्तर एकच होतं, नऊ महिने वाट बघणं. मेमध्ये उजळलेला तारा फेब्रुवारीत परत उजळला पाहिजे.

मग पाऊस. चार महिने शेडीला ताडपत्री, मी ऑफिसात कागद तपासत. पावसानंतर तारा फिका पडत चाललेला सापडला. थंडीत तो सूर्याच्या बाजूला जाऊन दिसेनासा झाला. मी इतरांचे आकडे घेत राहिले आणि मनात दिवस मोजत राहिले. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, ती मी दोनदा पुढे ढकलली. आईने पत्रात विचारलं, तिथे कोण आहे? मी लिहिलं, एक म्हातारा आहे. घरात दोन दिवस रडारड.

फेब्रुवारीत तो पहाटे पुन्हा वर आला. पहिल्या आठवड्यात मध्यम, दुसऱ्यात बरा. तिसऱ्या आठवड्यात मी आकडा लिहिला आणि मेमधला आकडा शेजारी धरला तर दोघं सख्खे भाऊ. त्याच सुमारास एका सकाळी चांगुणामावशी शेडीपाशी हजर. हातात लोटा, त्यावर पानाचं झाकण. आत चीक.

“उलटली नाय,” ती म्हणाली. “कालवड झाली. तुझ्या ताऱ्याचं?”

“माझा उलटला,” मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. मग मी तिला समजावलं की आमच्यात उलटं असतं, तारा उलटला म्हणजे जिंकलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली की मग लोट्यातलं निम्मं त्यालाही ठेव. गाईच्या दिवसांचा आणि ताऱ्याच्या श्वासाचा काडीचाही संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे, हे मी विज्ञानाची पदवीधर म्हणून इथे लिहून ठेवते. पण त्या दिवसापासून आमच्या शेडीत ‘तारा उलटला’ हा शब्द रुळला. सर सोडून सगळे तो वापरत.

सर म्हणाले, एका वेळेने श्वास सिद्ध होत नाही. हेही खरं होतं. आणखी नऊ महिने म्हणजे नोव्हेंबर. पण तीन वर्षांची मुदत दिवाळीला संपत होती. शेड उतरवायची होती, अहवाल दिवाळीच्या आधी द्यायचा होता. सगळ्या यादीत हा एकच तारा अडाण्यासारखा रांगेबाहेर उभा. अहवालात तो घातला तर मोठी माणसं विचारणार, हे काय? आणि त्याच्यामुळे बाकीच्या ताऱ्यांच्या आकड्यांवरही शंका घेणार. जव्हारला कायमची दुर्बीण मिळण्याचा जो काही आठ आणे संभव होता तोही जायचा. सरांची भीती खोटी नव्हती.

आमच्या रजिस्टरचा एक नियम होता. आकडा खोडायचा तर साहेबाने खोडून चालत नसे. ज्याने मोजला त्यानेच त्यावर आडवी रेघ मारायची, कारण लिहायचं, सही करायची. कुणी दुसऱ्याचा आकडा परस्पर मारू नये म्हणून. नियम सरांनीच केलेला.

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी सरांनी रजिस्टर माझ्यापुढे उघडलं. सत्तेचाळीसचं पान. सोबत स्वतःचं पेन, टोपण काढून.

“इथे ‘निरीक्षकाची चूक’ लिहा आणि सही करा,” ते म्हणाले. “कुणी तुम्हाला काही म्हणणार नाही. नवीन होतात.”

मी म्हटलं की चूक कुठली, ते दाखवा. भांडं झालं, धूळ झाली, श्वास झाला.

“राहता राहिलात तुम्ही,” सर शांतपणे म्हणाले. “म्हात्रेबाई, तुमच्या हातून चुका होतात, हे तुम्ही दवाखान्यात स्वतः लिहून दिलंय.”

मला वाटतं त्या घटकेपर्यंत मी सही केलीही असती. कबूल करते. पुण्यात कायमच्या जागेसाठी शिफारस सरांच्याच हातात होती, आणि मला ती जागा इतकी हवी होती की मी मनात तिथल्या टेबलाला पडदेसुद्धा लावले होते. टेबलाला पडदे नसतात हे मला कळत होतं. पण त्यांनी दवाखान्याचा विषय काढला आणि ट्रंकेच्या तळातली बोली एकदम वर आली. मी काय बोलले ते जसंच्या तसं छापण्यासारखं नाही. शेवटचं तेवढं छापता येईल.

“ज्या चुकीवर माझी सही आहे, तेवढीच माझी. ही माझी नाय.”

“मग हा तारा आहे तरी कुठे?” सरांनी विचारलं. “मध्याच्या तिप्पट लांब? तिथे काय आहे?”

“तिथे तो आहे,” मी म्हटलं.

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग ते म्हणाले की छप्पर नोव्हेंबरअखेरीला उतरवतील, तोवर नायट्रोजन मिळाला तर बघा. अहवाल मात्र थांबणार नाही. मी शेडीच्या मागे जाऊन चांगली रडले आणि नाक पुसून दवाखान्यात नायट्रोजन मागायला गेले. मदतनिसाने मला बघताच दोन्ही हातांनी कांड्यांचं भांडं कवटाळलं. ती त्याची नेहमीची गंमत होती, पण त्या दिवशी मला हसायला आलं नाही. त्याने काय ते ओळखलं. मंगळवार नव्हता, तरी लाल चिंधीचं भांडं त्याने स्वतः उचलून माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आणून दिलं.

अहवाल गेला. त्यात सत्तेचाळिसावा नव्हता, यादी सेहेचाळीसवरून अठ्ठेचाळीसवर उडी मारत होती. माझी शिफारसही गेली नाही.

दिवाळी आटोपली. नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवसांत धनू रास सूर्यापाठोपाठ मावळायच्या घाईत असते. अंधार पडल्यापासून ती डोंगरामागे जाईपर्यंत हातात फार थोडा वेळ. भातकापणी झाली होती, खाचरांत नुसते बुडखे. शेडीतलं अर्धंअधिक सामान खोक्यांत बांधलेलं. कामगार निघून गेले होते आणि छप्पर ढकलायला दोन माणसं लागतात. मी एकटीच खांदा लावून बसले होते. तेवढ्यात पलीकडच्या बाजूने छप्पर हललं. सर. त्यांनी कोट काढून खोक्यावर घडी करून ठेवला होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

ओळखीचा तारा बरोबर आला. मग सत्तेचाळीस. यंत्राची सुई हळूहळू चढत गेली आणि जिथे मेमध्ये थांबली होती, जिथे फेब्रुवारीत थांबली होती, तिथे थांबली. मग पुन्हा ओळखीचा तारा, तोही बरोबर. मी आकडा शाईने लिहिला. सर माझ्या खांद्यावरून वाचत होते. ते एवढंच म्हणाले, “हं.” मग कोट झटकला, घातला, आणि छप्पर बंद करायला मदत केली.

त्यांनी तो आकडा छापला नाही. खोडलाही नाही. रजिस्टर तसंच खोक्यात गेलं.

जव्हारला दुर्बीण मिळाली नाही. मिळाली नाही याला सत्तेचाळीस कारण नव्हता, तो तर अहवालात नव्हताच. मी ठाण्याला आले, लग्न केलं, आणि पुढची सव्वीस वर्षं एका कारखान्यात थर्मामीटर तपासले. माझी मुलं विचारायची, आई, मोठेपणी तू शास्त्रज्ञ का नाही झालीस? मी सांगायची, झाले होते, एका ताऱ्यापुरती. चूक सापडली तर मी थर्मामीटर फोडून टाके. सापडली नाही तर मालक आला तरी फोडत नसे. या हट्टामुळे मला बढती उशिरा मिळाली आणि कारखान्याचा एकही माल परत आला नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. दुपारच्या सुट्टीत डबा ज्या वर्तमानपत्रावर उघडला होता, त्यावर आमटी सांडली आणि आमटीखाली एक बातमी दिसली. आपल्या आकाशगंगेच्या मध्यामागे, धनू राशीत, एक ठेंगणी दीर्घिका लपलेली सापडली. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं आख्खं स्वतंत्र गाव, आपली आकाशगंगा असते तसं, फक्त हे छोटं. आपल्या ताऱ्यांच्या गर्दीआड असल्यामुळे आजवर कुणाला दिसलं नव्हतं. अंतर दिलं होतं. मी बोटांवर हिशेब केला. मध्याच्या तिप्पट.

ठेंगणी. मला तो शब्द फार आवडला. कुणाच्या लक्षात न आलेली, मोठ्यांच्या मागे उभी असलेली, पाच फुटांतही दोन बोटं कमी. सत्तेचाळीस रांगेबाहेर उभा नव्हता. तो त्याच्या स्वतःच्या गावात होता, आम्हीच त्याला आमच्या गावच्या रांगेत उभा करत होतो.

पुढच्या रविवारी मी पोशेऱ्याला गेले. चांगुणामावशीला सांगायचं होतं. फार उशीर केला होता मी, तिला जाऊन तीन पावसाळे झाले होते. तिच्या सुनेने मला बसवलं, चहा दिला, आणि दारातली गाय दाखवून म्हणाली की ही त्या कालवडीची नात. मी गाईला सांगितलं. कुणाला तरी सांगणं भाग होतं.

त्यानंतर मी सरांकडे पुण्याला गेले. खोटं कशाला, मी भांडायलाच गेले होते. एस.टी.त सगळी वाक्यं पाठ केली होती, इतक्या वर्षांची साठलेली, एकापेक्षा एक झणझणीत. सर खूप थकले होते. रुमाल मात्र घडीचा. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं, आणि मी तोंड उघडायच्या आत मला टेबलापाशी नेलं. टेबलावर आमचं जुनं रजिस्टर उघडं होतं, सत्तेचाळीसचं पान. शेजारी आलेखाचा कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेली ती नवी दीर्घिका, ठिपक्याठिपक्यांची. आणि त्या ठिपक्यांच्या मध्यावर, पेन्सिलीने नव्हे, शाईने, एक ठिपका. शेजारी आकडा लिहिला होता, ४७.

मी खुर्ची ओढून त्या पानापाशी बसले. सरांनी स्वतः चहा केला. आम्ही जव्हारच्या हवेबद्दल बोललो, रशीदचाचांच्या डागाबद्दल बोललो, ते छप्पर आता कुणाच्या गोठ्यावर असेल यावर बोललो. ताऱ्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, आणि मीही नाही. त्या ताऱ्याचं नाव कुठल्याच निबंधात आजही नाही. नसू दे, त्याला फरक पडत नाही, तो आपला धापा टाकतोय, दर नऊ महिन्यांनी उलटतोय. मीही टाकते हल्ली जिन्यावर.

निघाले तेव्हा सर मला पोचवायला जिन्यापर्यंत आले. मी दोन पायऱ्या उतरले असेन, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, तोच न चढणारा.

“म्हात्रेबाई, बैलाच्या बाबतीत मात्र चूक तुमचीच होती.”